जीबीचा मीटर आणि गेटच्या आतली वायर: ऐरोली-घणसोलीतल्या सोसायट्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये आम्ही काही रहिवासी घरच्या इंटरनेटबद्दल बोलायला जातो. सभेत, लिफ्टसमोर आणि व्हॉट्सॲपवर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते इथे एकत्र केलंय. आमचं म्हणणं आधीच सांगतो. घरच्या इंटरनेटवर जीबी मोजून पैसे लावायला खर्चाचा आधार नाही. आणि दर व सेवा या दोन्हींवर रहिवाशांचा जोर चालायला हवा असेल, तर गेटच्या आतली वायर रहिवाशांच्या मालकीची हवी.

आमच्या प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ लिहिलंय. मग मीटर आला कुठून?

अटी उघडून वाचा. फायबरच्या बऱ्याच घरगुती प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. तिलाच एफयूपी (फेअर यूसेज पॉलिसी) म्हणतात. ती ओलांडली की लाइन बंद होत नाही, वेग पाडला जातो. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालवली तर ३,३०० जीबी साधारण ७३ तासांत संपतात, आणि त्याच लाइनमधून ३० दिवसांत ३२,४०० जीबी जाऊ शकतात. म्हणजे जाहिरातीतला वेग तुम्हाला महिन्याच्या दहाव्या हिश्श्यापुरताच मिळालेला असतो. स्वस्त प्लॅनमध्ये मर्यादा याहून बरीच खाली असू शकते.

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक. तिच्या २०१६च्या निर्देशानुसार मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही. त्या वेगाने १ जीबी उतरायला चार तासांहून जास्त लागतात. मुलाची ऑनलाइन परीक्षा असेल तर ही लाइन असून नसल्यासारखीच.

३,३०० जीबी घरात वापरतं तरी कोण?

बहुतेक घरं नाहीच वापरत. एचडी व्हिडिओ तासाला सुमारे ३ जीबी खातो, फोर-के सुमारे ७ जीबी. घरात दोन-तीन पडद्यांवर मिळून रोज सहा तास एचडी चाललं तरी महिन्याचे ५४० जीबी होतात.

खरा धक्का बसतो तो सोसायटीच्या ऑफिसात. क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवणारा एक सीसीटीव्ही कॅमेरा २ एमबीपीएसने चोवीस तास चालला, तर दिवसाला २१.६ जीबी आणि महिन्याला जवळपास ६५० जीबी जातात. असे चार कॅमेरे म्हणजे २,६०० जीबी. अपलोडही मर्यादेत धरला जात असेल आणि प्लॅन कमी मर्यादेचा असेल, तर कमिटीने महिन्याचे हिशेब मेल करण्याआधीच लाइन रांगायला लागते. एका सोसायटीत याच कारणासाठी तीन वेळा राउटर बदलून झाला होता. राउटरला काहीच झालं नव्हतं.

वीज मीटरवर, पाणी मीटरवर, पाइप गॅस मीटरवर. मग इंटरनेट का नको?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्तही आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

विजेचं एक युनिट जाळलं की कुठेतरी कोळसा जळतो. तुम्ही ते युनिट वापरलं नसतं तर कोळसा वाचला असता. इंटरनेटच्या एका जीबीने असं काही संपत नाही. फायबर एकदा टाकली की रात्री तीन वाजता ती भरलेली असो की रिकामी, खर्च तोच. खर्च येतो तो रस्ता खोदायला, परवानग्यांना, केबलला, स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची टोकं जोडण्याचं काम, करणाऱ्या माणसांना, यंत्रांना, त्यांच्या विजेला, तक्रारी घेणाऱ्यांच्या पगाराला आणि सरकारी लायसन्स फीला. यातलं काहीही तुम्ही किती जीबी वापरले यावर फारसं हलत नाही.

एका गोष्टीने मात्र कंपनीचा खर्च नक्की वाढतो, ती म्हणजे गर्दीची वेळ. साधारण रात्री आठ ते अकरा. त्यात आयपीएलची मॅच असेल तर विचारू नका. इमारतींकडे येणाऱ्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीच्या फायबरवर सुमारे २.५ जीबीपीएस क्षमता असते आणि ती स्प्लिटरमधून, म्हणजे एका लाइनच्या अनेक शाखा करणाऱ्या डब्यातून, ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. सगळे एकदम बसले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. कंपनीला यंत्रं वाढवावी लागतात ती या तीन तासांसाठी.

आता जीबीचा मीटर काय करतो ते पाहा. पहाटे चार वाजता मोबाइलचा बॅकअप घेणाऱ्याचे ५० जीबी आणि रात्री साडेनऊला मॅच बघणाऱ्याचे ५० जीबी त्याच्या लेखी सारखेच. पहिल्याने कुणालाच त्रास दिलेला नाही, तरी त्याचीही मर्यादा तेवढीच संपते. गर्दी कमी करायची तर हा मीटर भलत्याच माणसाला अडवतो.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना सहसा कुणी सांगत नाही. इंटरनेट कंपन्या बाहेरच्या जगाशी जोडणारी क्षमता घाऊक घेतात, तेव्हा त्या साधारणपणे जीबी मोजून पैसे देत नाहीत. रूढ पद्धत अशी: दर पाच मिनिटांनी वापराचा वेग मोजायचा, महिन्यातल्या सगळ्यात वरच्या ५ टक्के नोंदी सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांत जो सर्वोच्च वेग असेल त्यावर बिल करायचं. म्हणजे घाऊक बाजारात भाव वेगाचा लागतो. जीबी मोजायला सुरुवात होते ती तुमच्या-आमच्या दारात. त्यातही व्हिडिओचा मोठा भाग समुद्रापलीकडून येतच नाही. गूगल, नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या आपले सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच बसवतात. आपल्याकडे तर ठाणे-बेलापूर रोडवर ऐरोली, रबाळे, महापे भागात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. ऐरोलीच्या रहिवाशाला जीबीची टंचाई सांगणं आम्हाला तरी पटत नाही.

पण जास्त वापरणाऱ्याने जास्त द्यावं, यात चूक काय?

जास्त वेग घेणारा आजही जास्त देतो. ३० एमबीपीएसचा दर वेगळा, ३००चा वेगळा. त्याला आमची हरकत नाही, कारण वेगाचा संबंध क्षमतेशी आहे.

जीबीवर दर लावला की भरडली जातात ती माणसांनी भरलेली घरं. कोपरखैरणेच्या बैठ्या घरात सहा माणसं एका जोडणीवर असतात आणि पाम बीच रोडवरच्या थ्री बीएचकेत दोन. मर्यादा जोडणीला असते, माणसाला नसते. म्हणजे एका घरात माणशी वाटा पडतो साडेपाचशे जीबी, दुसऱ्यात साडेसोळाशे. गरीब घर कमी वापरतं म्हणून त्याला मीटर सोयीचा, हे गृहीतकच आम्हाला मान्य नाही.

एमटीएनएलच्या ‘ट्रायबँड’ ब्रॉडबँडचा काळ आठवणारे ठाणे-नवी मुंबईत अजून भरपूर आहेत. २००५ साली ही सेवा सुरू झाली. तेव्हाच्या छोट्या प्लॅनमध्ये महिन्याचा कोटा एमबीत मोजला जायचा आणि वरच्या प्रत्येक एमबीला पैसे. मग ‘रात्री अमर्याद’वाले प्लॅन आले. घरातली मुलं डाउनलोड लावण्यासाठी रात्र होण्याची वाट बघायची आणि आई फोटो उघडू नका म्हणून ओरडायची. तेव्हा क्षमता खरोखर तोकडी होती. २००४च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं, २०२३पासून ते २ एमबीपीएस आहे. त्या काळातली एक खोड मात्र घराघरांत राहून गेली: काही शिकायला, बघायला, विचारायला बसण्याआधी कोटा किती उरलाय ते तपासायचं. मीटरमुळे हे सगळ्यात मोठं नुकसान होतं, आणि ते कुठल्याही बिलात दिसत नाही.

मोबाइलवर रोजचा डेटा ठरलेलाच असतो. तिथे कुणी तक्रार करत नाही.

मोबाइलचा प्रश्न वेगळा. टॉवरची क्षमता स्पेक्ट्रमने, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्याने, बांधलेली आहे आणि स्पेक्ट्रम मोजकंच असतं. फायबरमध्ये दोन टोकांची यंत्रं बदलली की त्याच काचेच्या धाग्यातून कितीतरी पट जास्त जातं.

‘सामुदायिक जाळं’ म्हणजे नक्की काय?

वायर, खांब, अँटेना, राउटर यांतला निदान काही भाग वापरणाऱ्यांच्याच मालकीचा आणि त्याचे नियमही त्यांनीच ठरवलेले. पूर्ण जाळं स्वतःचं असायलाच हवं असं नाही.

स्पेनच्या कॅटलोनियात गुर्ब या गावाच्या परिसरात २००४मध्ये गुइफी डॉट नेट सुरू झालं. मोठ्या कंपन्या गावात येत नव्हत्या, म्हणून लोकांनी छपरावर अँटेना लावून एकमेकांची घरं जोडली, पुढे फायबरही टाकली. आज त्यात ३५ हजारांहून जास्त नोड, म्हणजे जोडणीबिंदू, आहेत. त्यातली आम्हाला आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच सामायिक जाळ्यावर अनेक छोट्या कंपन्या आपापली सेवा विकतात आणि देखभालीचा खर्च आपसांत वाटून घेतात. वायर सगळ्यांची, स्पर्धा सेवेची.

इंग्लंडच्या लँकाशायरमध्ये २०११ साली बार्न नावाची संस्था उभी राहिली. गावकऱ्यांनी शेअर घेऊन भांडवल जमवलं, शेतकऱ्यांनी आपल्या बांधावरून केबल न्यायला फुकट परवानगी दिली आणि लोकांनी स्वतः चर खोदले. सुरुवातीची बरीच वर्षं एक जीबीपीएसची लाइन महिना ३० पौंडांत मिळायची, अपलोडही तेवढाच. शेअर काढून, सभासद करून, सभेत ठराव घालून काम उभं करायचं, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना काढला तो सुमारे ७५ वर्षांपूर्वी. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण फक्त गिऱ्हाईक होऊन बसलोय.

आपल्याकडचंही उदाहरण आहे आणि लांबचं नाही. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघरमधली गावं टीव्हीच्या पट्ट्यातल्या न वापरलेल्या रेडिओलहरी आणि वायफाय वापरून जोडली. पालघर १ ऑगस्ट २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. या प्रकल्पाला २०१७मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

खेड्यांचं ठीक आहे. आमच्या दारात चार कंपन्या आहेत. आम्हाला याची गरज काय?

तुमच्या इमारतीत कुठल्याही मजल्यावर जा आणि वायरींच्या शाफ्टचा दरवाजा उघडा. वरून खाली काळ्या ड्रॉप केबलींचा गुंता. काही सुतळीने बांधलेल्या, काहींची भेंडोळी खिळ्याला टांगलेली, स्प्लिटरच्या डब्याचं झाकण गायब. निम्म्या वायरी बंद पडलेल्या जोडण्यांच्या, त्या कुणी काढलेल्या नाहीत. कुठली चालू आणि कुठली मेलेली हे ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. नवीन जोडणी द्यायला आलेला मुलगा एक केबल ओढतो आणि सातव्या मजल्यावर तीन घरांत एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो. मग तीन वेगवेगळ्या कंपन्यांना तीन तक्रारी.

म्हणजे रस्त्यावर कंपन्या चार असल्या तरी तुमच्या घरापर्यंत पोहोचलेली वायर एकीची. कंपनी बदलायची तर नवीन वायर, नवीन भोक, पुन्हा इन्स्टॉलेशनचे पैसे, दोन-तीन दिवसांचा खोळंबा. लोक कंटाळून जुनीच ठेवतात. काही ठिकाणी तर बिल्डरने किंवा जुन्या कमिटीने एकाच कंपनीशी बोलणी करून ठेवलेली असतात, बाकीच्यांना वॉचमन गेटवरून परत पाठवतो. अशा इमारतीत एफयूपी कितीही लावा, दर कितीही वाढवा, जाणार कुठे?

गेटपासून तुमच्या हॉलपर्यंतचे हे शंभर मीटर ज्याच्या ताब्यात, अटी त्याच्या चालतात. ते ताब्यात घ्यायला चर खोदायला नको. शाफ्ट सोसायटीचाच आहे.

म्हणजे सोसायटीने इंटरनेट विकायचं?

नाही. आणि हे नीट समजून घ्या, कारण इथे उत्साहात घोळ होतात. इंटरनेट सेवा द्यायला केंद्र सरकारचं लायसन्स लागतं. ते १८८५च्या तार कायद्याखाली दिलं जायचं; त्याची जागा घेण्यासाठी २०२३चा दूरसंचार कायदा आलाय. एक घरगुती जोडणी घेऊन ती आठ घरांत पैसे घेऊन वाटणं बेकायदा आहे, कंपनीच्या अटींच्याही विरुद्ध आहे, आणि त्या जोडणीवरून कुणी काही भानगड केली तर पोलीस जोडणीधारकाच्या दारात येतात.

सोसायटी करू शकते ते असं. आपल्या आवारात मीटर रूमजवळ एक कुलूपबंद रॅक आणि तिथून प्रत्येक फ्लॅटपर्यंत स्वतःची फायबर. लायसन्सधारक कंपन्या आपली लाइन रॅकपर्यंत आणतात. कुठल्या घराला कुठली कंपनी हे घरवाला ठरवतो आणि बिलही थेट त्याच्याच नावावर येतं. कंपनी बदलायची तर रॅकमधली पॅच कॉर्ड, म्हणजे छोटी जोडवायर, एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घालायची आणि घरातलं यंत्र बदलायचं. कंपन्यांकडून फायबरचं भाडं घ्यायचा मोह मात्र टाळा. तो धंदा झाला आणि त्याचे नियम वेगळे.

जोडीला सगळ्यांचा मिळून दर ठरवायचा. धरा, ६४ घरं आहेत आणि प्रत्येक घर महिना ६०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी भरतं. म्हणजे ७०८ रुपये. इमारतीतून महिन्याला ४५,३१२ आणि वर्षाला ५ लाख ४३ हजारांहून जास्त रक्कम बाहेर जाते. एकटा ग्राहक कॉल सेंटरला ‘दर कमी करा’ म्हणाला तर हसण्यावारी नेतील. साडेपाच लाखांचं गिऱ्हाईक एकत्र आलं आणि त्याला दुसऱ्या दिवशी कंपनी बदलता येते म्हटल्यावर एरियाचा सेल्स मॅनेजर स्वतः येतो. तेव्हा नुसता दर मागू नका. एफयूपी काढून टाका, अपलोडचा वेग डाउनलोडइतका द्या, बिघाड किती तासांत दुरुस्त होईल ते लिहून द्या, अशी मागणी करा.

क्लबहाऊस, गार्डन, वॉचमनची केबिन इथे वायफाय देता येईल का?

सार्वजनिक वायफायची पीएम-वाणी योजना पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती डिसेंबर २०२०मध्ये मंजूर केली. किराणा दुकानदारापासून कुणीही तिच्यात सार्वजनिक डेटा ऑफिस, म्हणजे पीडीओ, होऊ शकतो आणि त्याला लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही. अडचण अशी होती की कंपन्या पीडीओंकडून महागड्या लीज्ड (खास भाड्याच्या) लाइनचे पैसे मागायच्या. जून २०२५मध्ये ट्रायने आदेश काढला, २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओंना घरगुती दराच्या दुपटीहून जास्त दराने देता येणार नाहीत. घरकामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, डिलिव्हरीची मुलं यांचा डेटा दुपारपर्यंत संपलेला असतो. सोसायटीच्या गेटवरचं वायफाय त्यांच्यासाठीच हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

समोरच्या सोसायटीशी जाळं जोडता येईल?

२०१८पासून ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा बराच भाग इमारतीबाहेरच्या वापरालाही विनापरवाना खुला आहे, त्यामुळे टेरेसवरून टेरेसवर वायरलेस लिंक तांत्रिकदृष्ट्या सोपी आहे. पण तिच्यावरून दुसऱ्याला इंटरनेट देणं म्हणजे पुन्हा लायसन्सचा प्रश्न. रस्त्यावरून फायबर न्यायची तर महापालिकेची परवानगी. आधी आपल्या गेटच्या आतलं करा.

आमच्या मजल्यावरचे आजी-आजोबा फक्त मोबाइल वापरतात. त्यांनी का पैसे भरायचे?

महिन्याचा प्लॅन ज्याला हवा त्यानेच घ्यायचा. वायर मात्र प्रत्येक फ्लॅटला टाका, कारण नंतर एकेका घरासाठी स्प्लायसिंगवाल्याला बोलावणं महाग पडतं. हा एकदाचा खर्च सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने सोसायटीच्या निधीतून करता येतो. प्रत्येक घराला दोन कोअर, म्हणजे केबलमधले दोन काचेचे धागे, ठेवा, एक वापरातली आणि एक राखीव. ६४ घरांना १२८ कोअर झाल्या. केबल आणि मजुरी मिळून लेखी कोटेशन तिघांकडून तरी घ्या आणि प्रत्येकाला तोच नकाशा द्या, नाहीतर तुलना होत नाही.

केबलवाल्या दादाच्या पोटावर पाय येईल त्याचं काय?

बऱ्याच ठिकाणी हा माणूस सोसायटीचा वीस वर्षांचा ओळखीचा असतो. रात्री अकराला फोन केला तरी शिडी घेऊन येणारा. त्याला बाहेर काढणारी योजना आम्ही सुचवणार नाही. रॅक आणि आतल्या फायबरची देखभाल कुणाला तरी द्यायचीच आहे, ती वार्षिक कराराने त्यालाच द्या. शाफ्टमधला गुंता त्याच्याइतका कुणालाच माहीत नसतो. काम त्याचं, मालकी सोसायटीची, आणि नकाशाची एक प्रत कमिटीकडे, एवढं लिखित ठेवा.

कमिटीला आमचं ब्राउझिंग दिसेल का?

दिसता कामा नये. वर सांगितलेल्या रचनेत सोसायटीकडे फक्त काच आणि पॅच कॉर्ड आहेत, डेटा बघणारं यंत्र नाही. रॅकच्या किल्ल्या दोघांकडे आणि उघडल्याची नोंद वहीत.

पावसाळ्यात आणि वीज गेल्यावर?

फायबरला गंज लागत नाही, तिच्यातून करंटही जात नाही. पाणी शिरतं ते जोडाच्या डब्यात, म्हणून डबा टेरेसवर उघड्यावर नको. पावसाळ्याआधी पालिकेची झाडांची छाटणी सुरू झाली की झाडांवरून लोंबणाऱ्या वायरी हमखास तुटतात. लाइन भूमिगत यावी यासाठी कंपनीशी करार करतानाच भांडा. वीज गेली की घरातलं यंत्र बंद पडतं. त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो.

कंपनीने न सांगता वेग पाडला. दाद कुठे मागायची?

मर्यादेच्या ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर ग्राहकाला कळवायचं, हा ट्रायच्या निर्देशाचाच भाग आहे. मेसेज आले नसतील तर तसं लिहून तक्रार करा आणि डॉकेट नंबर घ्या. वेग मोजताना लॅपटॉप राउटरला वायरने जोडा. वायफायवरचा आकडा दाखवलात की समोरचा भिंतींना दोष देऊन मोकळा होतो. सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला, दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. प्रत्येक कंपनीला ते नेमावेच लागतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सभेत विषय मांडायचा कसा?

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी निघते, म्हणून तयारी जुलैत सुरू करा. प्रत्येक मजल्याच्या शाफ्टचे फोटो काढा. कुठल्या घराकडे कुठली कंपनी, किती वेग, किती दर, मर्यादा किती, हे एका कागदावर आणा. शेजारी राहणारी दोन घरं त्याच सेवेचे वेगळे पैसे भरताना दिसतील आणि सभेत त्या एका कागदाचा जितका उपयोग होतो तितका भाषणाचा होत नाही.

ठरावात तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत असू द्या: आतली फायबर सोसायटीची मालमत्ता आहे, कुठल्याही लायसन्सधारक कंपनीला समान अटींवर रॅकपर्यंत येता येईल, आणि बंद जोडणीची वायर तीस दिवसांत न काढल्यास सोसायटी ती काढून टाकेल.